जिवंतपणीचा रंग

आमच्या घरात नुसतं ‘निळा’ म्हटलेलं चालत नसे. “निळा म्हंजी कोणता?” अण्णा विचारायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं ऐकून घ्यायचे नाहीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्या जालन्यातल्या कापडाच्या गल्लीत एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला होते. पाठीमागची भिंत खालपासून वरपर्यंत ब्लाउजपीसच्या ताग्यांनी भरलेली आणि पुढे गादीवर अण्णा. बाईने पिशवीतून साडीचं टोक बाहेर काढायचा अवकाश, त्यांचा हात मागे न बघता नेमक्या ताग्यावर जायचा. मग साडी आणि तागा दोन्ही घेऊन ते दुकानाच्या पायरीवर उतरायचे, उजेडात एकावर एक धरायचे आणि म्हणायचे, “बघा, कुठं साडी संपली अन् कुठं पीस सुरू झालं ते दावा.” बाईला दाखवता यायचं नाही. मग कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि उरलेलं हातानेच टर्रकन फाडायचं. “गिऱ्हाईक तुटलं तरी चालंल, कलर चुकला न पाहिजे,” हे त्यांचं ब्रीद. कुंभार पिंपळगावच्या बाया लग्नाचा बस्ता बांधायला यायच्या त्या शेठची चौकशी करायच्या नाहीत, “अण्णा हायेत का?” एवढंच विचारायच्या आणि नसले तर दुसऱ्या दिवशी यायच्या. शेठला हे आवडत नसे, पण करतो काय, गल्ला अण्णांवरच चालायचा.

घर दुकानापासून पाच मिनिटांवर, दोन खोल्यांचं. सकाळी आई भाकऱ्या थापायची त्याचा आवाज, गल्लीतून हातगाडीवाल्यांची भांडणं, दुपारच्याला मोंढ्याकडून येणारा धान्याचा धुरळा आणि वारं फिरलं तर एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यांचा करपट वास. जेवायला येसराची आमटी, भाकरी, ठेचा. नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. आजही जालन्याला फोन केला की खुशालीच्या आधी नळाची बातमी कळते. नळ आला की गल्लीत कुणीतरी ओरडायचं, “आला!” आणि मग घागरी, बादल्या, पिंपं, पातेली, इतकंच काय चहाची भांडीसुद्धा भरून निघायची. त्या दिवशी आई खुशीत असायची. ताजं पाणी भरल्यावर ती आधी देवाला, मग दारातल्या तुळशीला आणि मग आम्हाला पहिला पेला द्यायची, प्रसाद द्यावा तसा.

अशा गावातली मी मुलगी समुद्रातल्या माशांवर अभ्यास करायला मालवणकडच्या एका कॉलेजात गेले, याचं गल्लीला हसू आवरायचं नाही. “हितं प्यायला पाणी न्हाई, अन् अण्णाची विजू मासे मोजाया गेली,” असं म्हणायचे लोक. खोटं काय होतं त्यात? मी खरोखर मासेच मोजायला गेले होते. आमचे सर अगदी बोटभरही नसलेल्या, प्रवाळाच्या फटींत राहणाऱ्या माशांचा शोध घेत असत. ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून जाळी धरायची, सापडलेला मासा भिंगाखाली ठेवायचा, परांतले काटे मोजायचे, खवल्यांच्या ओळी मोजायच्या, डोळा केवढा, शेपटी केवढी, सगळं वहीत उतरवायचं, आणि मग जुन्या नोंदींशी ताडून बघायचं की हा आधी कुणी पाहिलाय का. बहुतेक वेळा पाहिलेला असायचा. वर्षभर कंबर मोडून मी जुनेच मासे नव्याने ओळखले.

आणि एके दिवशी तो सापडला. नखाएवढं डोकं, एक इंच अंग, पाठीवरून शेपटीपर्यंत एक पट्टी. परांतले काटे कुठल्याच नोंदीशी जुळेनात. मी होडीवाल्या काकांना विचारलं, ह्याला तुमच्यात काय म्हणतात? ते म्हणाले, “ह्येका नाव कशाक व्हया? ह्येचा काय कालवण होता?” जो ताटात येत नाही त्याला नाव नाही, हे मला तेव्हा फार खरं वाटलं. सरांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी एकच गोष्ट बजावली, “रंग आजच लिहा. फॉर्मालिनमध्ये गेला की दोन दिवसांत पांढरा पडेल. नव्या जातीच्या वर्णनात ‘जिवंतपणीचा रंग’ म्हणून वेगळा परिच्छेद असतो, तो माणसाला एकदाच लिहिता येतो.” कॅमेऱ्यातल्या रोलला पाणी लागलं होतं, फोटो धुऊन आले ते धुक्यासारखे. मी वहीत लिहिलं, ‘पट्टी निळसर’. सरांनी त्यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं: म्हणजे कोणता? मला हसूच आलं. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि त्याचं उत्तर देणारा माणूसही मला ठाऊक होता.

तीन मासे मिळाले होते. दोन सरांनी बाटलीत घातले. तिसरा, जिवंत, मी दिवाळीच्या सुटीत जालन्याला घेऊन निघाले. प्लास्टिकची बरणी मांडीवर, पायाशी खाऱ्या पाण्याचा कॅन. कोल्हापूरला पाणी बदललं, पुढे वाटेत आणखी दोनदा बदललं. कंडक्टरने विचारलं, “काय गं, लोणचं का?” मी हो म्हटलं. सबंध रस्ता मी बरणीत बघत होते. पट्टी आस्मानी होती. मला नेमकं नाव सांगता येत नव्हतं इतकंच, पण ती आस्मानीच्याच छटांतली होती यात शंका नव्हती.

अण्णा दुपारी जेवायला आले. त्यांनी हात धुतले, बरणी उंबऱ्यात उजेडात ठेवायला लावली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले, गिऱ्हाइकासमोर बसावं तसे. “एवढुसा?” ते म्हणाले. “म्या तर म्हणलं, परातीत मावणार न्हाई.” आई भाकरी करता करता थांबली.

“लिही,” ते म्हणाले. “पाठ आमसुली. पण फिकी, दोन धुण्यांची.”

मी लिहिलं. इतकं बरोबर होतं की अंगावर काटा आला.

“पोट मोतिया. अन् ही पट्टी...” ते आणखी वाकले. नाक बरणीला टेकलं. “ही पट्टी पिस्ता. कोवळा पिस्ता.”

“पिस्ता?” मी म्हणाले.

“पिस्ताच. काहून?”

“आस्मानी नाही वाटत?”

ते हसले. “आता तू मला कलर शिकवू राह्यली का? लिही, पिस्ता.”

मी पेन्सिलीने लिहिलं, पिस्ता. लिहिताना मी बरणीत बघत होते, आणि बरणीत, स्वच्छ दुपारच्या उजेडात, निळी पट्टी हलत होती. आईने माझ्याकडे बघितलं आणि तव्याकडे मान वळवली. तेव्हा मला कळलं की तिलाही ती निळीच दिसत होती.

मी मनात म्हटलं, आज थकलेत, उद्या सकाळी पुन्हा दाखवू, शेजारी खऱ्या पिस्ता रंगाच्या कापडाचा तुकडा ठेवू, म्हणजे त्यांचं त्यांनाच कळेल. माझ्या तोंडून कळायला नको. पण दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी नळ आला. मी उठले तोवर पिंपं भरून झाली होती, आई खुशीत होती, आणि बरणीत काचेसारखं स्वच्छ पाणी होतं. “वाटेतलं शिळं पाणी व्हतं त्याचं, वास मारू राह्यलं व्हतं,” ती म्हणाली. “पाव्हण्याला कुणी शिळं पाणी देतं का? बदलून टाकलं.” दहा दिवसांनी आलेल्या नळाचं पहिलं पाणी तिने देवाच्याही आधी त्या माशाला दिलं होतं. तो तळाशी आडवा पडला होता. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विष, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी नव्हतं सांगितलं. तिला रडताना बघून मी म्हणाले की प्रवासानेच मेला, आणि त्याला बाटलीत घातलं. आमच्या घरात त्या दोन दिवसांत दोन खोट्या गोष्टी अशा सहज मांडल्या गेल्या.

दुपारी मी डबा द्यायला दुकानात गेले. अण्णा गादीवर नव्हते. गिऱ्हाईक नव्हतं तेवढ्यात आतल्या बाजूला परकराच्या पांढऱ्या कापडाच्या घड्या घालत होते. मला बघून म्हणाले, “ह्या नव्या ट्यूबा बेकार हायेत. शेठला म्हणलं, बदला. लाइट बराबर न्हाई तर कलर बराबर कसा दिसंल?” त्यांच्या जोडीला वीस वर्षं काम केलेले रफिकभाई मला पायरीपर्यंत सोडायला आले. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, “बेटी, तू समजली ना?” मी मान हलवली. “तीन-चार महिने झाले. पहिला एक पीस वापस आला, मंग दुसरा. आता त्यांनी फाडलेला पीस कागदात बांधायच्या आधी मी नजर मारून राह्यलो, गलत असंल तर चुपचाप बदलून टाकतो. गिऱ्हाइकाला बराबर माल चाल्लाय. पण त्यांना बोलू नको. बिलकुल नको. ह्या माणसाची इज्जत त्याच्या नजरेत हाय, ती गेली तर तो घरी बसंल अन् मरंल.” रफिकभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या प्रेमाने सांगितलेली चुकीची गोष्ट मी पुढे आयुष्यात कधी ऐकली नाही.

मी काही अडाणी नव्हते. मोतीबिंदूने नजरेवर पिवळं सावट येतं आणि निळा हिरवट दिसतो, हे मी वाचलेलं होतं. पण आमच्याकडे त्याचं एक शास्त्र होतं: मोतीबिंदू पिकू द्यायचा. कच्चा काढायचा नाही. आंबा, सीताफळ आणि मोतीबिंदू, पिकल्याशिवाय उतरवायचा नाही, असं माझा मामा छातीठोकपणे सांगायचा आणि सगळे माना डोलवायचे. परांतले काटे तीन-तीनदा मोजणारी मी, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं ना. पिकायचाच असेल तर आज सांगायची घाई काय? तोवर त्यांची गादी टिकेल, तोवर त्यांना ‘अण्णा हायेत का’ ऐकू येईल. आता मीच म्हातारी झालेय; गेल्या वर्षी माझ्याही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पाऊण तासात घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा समोरच्या नर्सच्या बॅजवरची निळी रेघ इतकी झळझळीत दिसली की मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. तिला वाटलं, आजीबाईंना दुखतंय.

सुटी संपवून मी परत गेले. सरांनी वहीतला ‘पिस्ता’ वाचला आणि भुवया उंचावल्या. “तुम्हाला काय दिसलं?” त्यांनी विचारलं. मी खोडरबराने पिस्ता पुसला आणि आस्मानी लिहिलं. कागद जरा फाटला. त्या पट्टीवरूनच सरांनी त्या जातीला नाव दिलं, लॅटिनमध्ये आकाशाच्या रंगाचा असा त्याचा अर्थ. पुढचं वर्षभर नकाशे, मोजमापं, परदेशातल्या संग्रहालयांना पत्रं, दुरुस्त्या यात गेलं. मधल्या सुट्यांत घरी यायची तेव्हा अण्णा डोक्याला रुमाल आवळून बसलेले असायचे. “डोकं दुखून राह्यलं,” म्हणायचे. आई कपाळावर सुंठेचा लेप घालायची. उजवा डोळा लाल असायचा. उन्हाने असेल, आम्ही म्हणायचो. जालन्यात ऊन काय कमी आहे?

त्या माशावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा अण्णांनी तो दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला, मग माझ्या हातात दिला. “रंगाचं कुठं हाय?” मी त्यांचं बोट त्या परिच्छेदावर ठेवलं. “वाच. मराठीत वाच.” मी वाचलं. पाठ फिकी आमसुली, पोट मोतिया. इथवर सगळं त्यांचंच होतं आणि खरं होतं. पुढे मी डोळ्याची पापणी न हलवता वाचलं, “पट्टी पिस्ता रंगाची, कोवळ्या पिस्त्याची.”

“छापलं,” ते म्हणाले. “माझा कलर छापला.” त्यांनी आईला हाक मारून तेच पुन्हा वाचायला लावलं. आई ऐकताना जमिनीकडे बघत होती. तो आनंद मी त्यांना दिला, असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तो मी त्यांच्या डोळ्यांच्या बदल्यात दिला होता, पण हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते तो निबंध पिशवीत घालून दुकानात घेऊन गेले. मी नको म्हटलं होतं, फाटेल, मळेल. ते हसले आणि गेले. अकरा वाजता परत आले. वीस-बावीस वर्षांत ते अकरा वाजता घरी आलेले मी पाहिले नव्हते. डबा तसाच होता. त्यांनी निबंध खाटेवर नीट ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

“धाकट्या शेठनं वाचून दाखवलं,” ते म्हणाले. “समद्यांसमोर. मीच म्हणलं, वाचा. त्यात निळा लिहिलंय म्हणे. माशाच्या नावातच निळा हाय म्हणे.”

“आस्मानी,” मी म्हणाले.

“मंग मला पिस्ता काहून वाचलं?”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, उजेडाच्या दिशेने धरला, एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा झाकून. असं त्यांनी दोनदा केलं.

“रफिकला ठाऊक व्हतं?”

“हो.”

“तुझ्या आईला?”

आईने पुढ्यातली परात बाजूला सारली.

“म्हंजी दुकानाला ठाऊक, घराला ठाऊक. मी एकटाच गादीवर बसून लोकायला कलर शिकवू राह्यलो.” ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते लाजले. पन्नाशी उलटलेला तो माणूस पोरीसमोर असा लाजून बसला होता, आणि ते बघणं फार अवघड होतं. थोड्या वेळाने म्हणाले, “मासा आणला तवाच बोलायचं व्हतं, विजे. दीड वर्ष झालं.”

त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून, दाब मोजून, बराच वेळ तपासलं. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यातला फुगून आतला दाब इतका वाढला होता की नस सुकली होती, तो डोळा गेला. ते डोकं दुखणं त्याचंच. डाव्याचं ऑपरेशन करता येईल, पण त्याच्याही नसेला मार बसलाय. “माणसं ओळखाल, रस्ता ओलांडाल,” डॉक्टर म्हणाले. “कापडाच्या रंगाचं मात्र मला विचारू नका.” मी विचारलं, मोतीबिंदू पिकायची वाट बघायला नको होती का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली मान घातली.

अण्णा स्टुलावर सरळ बसले होते, दुकानात बसायचे तसे. डॉक्टर कागद पुढे ओढून जरा रागानेच म्हणाले, “रंग बदलून दिसायला लागले असतील वर्ष-दीड वर्षापूर्वीच. तेव्हा आणलं असतं तर दोन्ही डोळे वाचले असते. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

मी तोंड उघडलं. अण्णांनी हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “मीच कुणाला बोललो न्हाई. घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं.”

डॉक्टरांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं.